साच्यातली टिंबाची फाइल

३ मार्च
नवा माणूस आला. वय सेहेचाळीस! वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, शाळा बंद पडली, म्हणून आता प्रोग्रामर. तीन महिने बघायचं, मग ठेवायचं की नाही ते साहेब ठरवणार — म्हणजे मी सांगेन तसं. मी नाव ठेवलं, मास्तर.

५ मार्च
मास्तरला साचा दाखवला. कुठलंही नवं काम याच फोल्डरची नक्कल करून सुरू करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तर हा विचारतो, "मॅडम, टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्स यात दिसत नाहीत?"
"लपलेल्या फाइल्स आहेत त्या, मास्तर. दिसतील कशा?"
अख्खी खोली हसली. त्याने लिहून घेतलं. वहीत! पेन्सिलीने!

९ मार्च
आज काही नाही. मास्तर पेन्सिलीला टोक करत होता.

२४ मार्च
व्हायचं तेच झालं. मास्तरने कामासोबत पासवर्डची फाइलही वर चढवली — सगळ्या जगाला दिसेल अशी! काय चढवायचं नाही याची यादी साच्यातल्या लपलेल्या फाइलीत असते. ती असताना हे होतंच कसं? यानेच खोडली असणार. दिवसभर आम्ही सगळे पासवर्ड बदलत बसलो.
"मॅडम, साच्यातच ती —"
"साचा मी बनवलाय. त्याला नावं ठेवू नका."
घरी आई म्हणाली, "त्याची मुलगी कॉलेजात आहे ना गं?" मग? म्हणून मी याचे घोळ निस्तरत बसू?

२७ मार्च
साहेबांना स्पष्ट सांगितलं, हा नको. आज मास्तरचा शेवटचा दिवस. पीडा टळली!

३० मार्च
नव्या कामासाठी साचा उघडला. शुक्रवारी, जायच्या दिवशी, सव्वापाचला मास्तरने त्यात एक फाइल घातलीय. टिंबाची. सोबत टिपण — "राहिलेली फाइल ठेवली."
जुन्या नोंदी काढल्या. दोन वर्षांपूर्वी साचा नव्या सर्व्हरवर मी हलवला. सगळं उचल म्हणून आज्ञेत नुसती चांदणी (*) टाकली — आणि चांदणी लपलेल्या फाइल्स उचलत नाही, हे मीच सगळ्यांना शिकवते! आमच्या मशीनवर जुनी यादी होती, म्हणून आमचं निभावलं. त्यानंतर नवा आलेला तेवढा तोच.
शी! काय बोलले मी त्याला, सगळ्यांसमोर.

३१ मार्च
बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "बोलाव परत." मीच फोन केला. मास्तर म्हणाले, "येतो. पण तुमच्या हाताखाली नाही."
लिहून घेतलं. वहीत.