बंड्याचा उजवा डोळा

३ ऑक्टो., शुक्र.
सकाळी ६.१०. पिंजऱ्यावरची चादर काढली. बंड्याचा उजवा डोळा बंद. डावा टक्क उघडा, माझ्याकडे. वाटलं, साहेब अजून झोपेत. शिट्टी मारली. रोज लगेच उत्तर येतं, गार्डाच्या शिट्टीला गार्डाची शिट्टी. आज आलं, पण बारीक, आणि मधेच तुटलं. जवळ जाऊन पाहिलं तर डोळ्याभोवतीची पिसं ओली, चिकटलेली. दांडीवर डोळा घासत होता.

खुर्चीतच बसलो. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली, डबे रुळावरून उतरलेले पाहिले, पण असा मटकन बसलो नव्हतो. सौ. म्हणाली, आधी चहा घ्या, पाखरापेक्षा तुमचंच तोंड उतरलंय.

पक्षी शुभाचा, आमच्या लेकीचा. तुरेवाला छोटा पोपट. शुभा कॉकाटील म्हणते, कॉलनी कॉकटेल म्हणते. सणसवाडीला कारखान्यात लागली आणि रूमच्या मालकाला पक्षी चालेना, म्हणून वर्षापूर्वी इथं दौंडला आणून ठेवला. जाताना म्हणाली होती, "बाबा, हा तुमच्या भरवशावर." मी तेव्हा कुरकुरलो होतो. आता बोलायचीच सोय नाही.

खाणं ठीक आहे. वरवंडहून, मेहुण्यांच्या शेतातून आलेलं बाजरीचं ताजं कणीस परवा टांगलं, त्यावर तुटून पडला होता. म्हणजे तब्येतीनं बरा.

४ ऑक्टो., शनि.
कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसलं. चावला. डोळा किंचित उघडला, लालभडक, परत मिटला. माझं निदान : डोळे आलेत. अर्ध्या कॉलनीचे आलेत, याचेही आले.

सौ. : डॉक्टरला दाखवा.
मी : बघू.
हे तीन वेळा झालं.

दुपारी वरवंडला बाळासाहेबांना, म्हणजे मेहुण्यांना फोन. पंधरा वर्षं कोंबड्यांच्या शेड आहेत त्यांच्या. त्यांच्याइतके पक्षी जिल्ह्यात कुणी हाताळले असतील? ते हसले. म्हणाले, उद्या सकाळी शेडवर पिल्लांच्या डोळ्यात थेंब घालायचे आहेत, तेच घेऊन येतो. जीव भांड्यात पडला.

५ ऑक्टो., रवि.
बाळासाहेब ११ ला हजर. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इवलीशी बाटली, बाटलीत निळंशार पाणी. देवाचं तीर्थ आणावं तशी दोन्ही हातांत धरून आणली.

सौ.नं विचारलं, बाटलीवर काय लिहिलंय? मी चष्मा शोधायला लागलो तर बाळासाहेब म्हणाले, "ताई, लस हाय ती. लस म्हंजी औषधच की. पिल्लाच्या डोळ्यातच घालत्यात. आमच्या शेडवर येकाचं डोळं आल्यालं दाखव मला."

बिनतोड. चष्म्याचा शोध थांबवला.

११.२० पहिला थेंब. बंड्याला मी धरलं, थेंबही मीच घातला. बंड्यानं मान झटकली, निम्मं माझ्या तोंडावर. त्याच नॅपकिननं दोघांचं तोंड पुसलं. उरलेली बाटली फ्रिजमध्ये, लोण्याशेजारी. ६.०० दुसरा.

७.१५ शुभाचा व्हिडिओ कॉल. बंड्याला हातावर घेतला तो डावी बाजू तिच्याकडे करून. सांगितलं काहीच नाही. उगाच तिच्या जिवाला घोर. दोन दिवसांत बरा होईल, मग सांगू.

६ ऑक्टो., सोम.
६.१० थेंब. १.०० थेंब. ६.०० थेंब. फरक नाही. शिट्टी एकदाच.

७ ऑक्टो., मंगळ.
६.१०, १.००, ६.०० थेंब. माझाच उजवा डोळा चुरचुरतो. आरशात लाल. सौ. म्हणाली, घ्या, आता दोघांची जोडी शोभते.

व्हिडिओ कॉल. बंड्याची डावी बाजू, माझीही डावी बाजू. दोघं लग्नाच्या फोटोसारखे तिरके बसलो होतो.

८ ऑक्टो., बुध.
सकाळी थेंब घालायला पापणी वर केली आणि हात तिथंच थांबला. बुबुळावर पांढरं आहे. दुधाचा थेंब सांडावा तसं. काल नव्हतं. शपथेवर सांगतो, काल नव्हतं.

तरी थेंब घातलाच. तिन्ही वेळा घातला. बंद करायची हिंमत होईना. इतके दिवस घातलं ते चुकलं असं कबूल करावं लागलं असतं.

मधल्या वेळात जनावरांच्या दवाखान्यात गेलो. पुढं तीन म्हशी आणि एक बोकड, माझ्या मांडीवर पिंजरा. तिथले डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, पक्ष्याचं मला जमत नाही, उगाच हात लावणार नाही. शिरूरला एक बाई आहेत, फक्त पक्षी बघतात, उद्याच जा.



९ ऑक्टो., गुरु.
६.०० थेंब घालून निघालो. बाळासाहेबांच्या पिकअपमध्ये पुढं तिघं : ते, मी, मांडीवर पिंजरा. चौफुला, न्हावरा, शिरूर. वाटेत बाळासाहेब धीर देत होते.

डॉक्टरबाई शुभाच्याच वयाच्या. बंड्याला नॅपकिनमध्ये असं गुंडाळलं की चावायला चोच फिरेना. ओल्या कापसाच्या काडीनं पापणी उलटली. काडीवर काहीतरी आलं. मला दाखवलं. बाजरीच्या कणसाचं कुसळ. नखाच्या कडेइतकं.

म्हणाल्या, कणीस टांगता का? म्हटलं, हो, ताजं, घरच्या शेतातलं. (हे मी अभिमानानं सांगितलं. लिहितानाही लाज वाटते.) मग डोळ्यात हिरवा रंग सोडला, खोलीतला दिवा घालवला, निळी बॅटरी धरली. बुबुळाच्या मधोमध हिरवा डाग चमकला. ती जखम. कुसळ आत आणि हा वरून घासतोय, आठवडाभर.

"काही घातलंत का डोळ्यात?"

बाटली पुढं केली. रुमालात गुंडाळून नेली होती, बर्फासकट. बाईंनी नाव वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत बाटलीकडे.

"काका, ही कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस आहे. डोळ्यातून अंगात लवकर भिनते म्हणून डोळ्यात घालतात. डोळ्याचं औषध नाही हे. यात जिवंत विषाणू असतात."

पुढचं तुटक ऐकू आलं. लस एकदा पाण्यात कालवली की दोन तासांत संपवायची असते. म्हणजे रविवारी दुखऱ्या डोळ्यात जिवंत लस गेली, त्रास वाढला. त्यानंतर रोज नुसतं निळं पाणी. आणि माझ्या डोळ्याकडे बोट करून : तुमच्याही उडालं ना? होतं असं कोंबड्यांवाल्यांना, आठवड्यात जाईल, न गेलं तर दाखवा.

मी विचारलं, दिसेल का त्याला? म्हणाल्या, डाग मधोमध आहे. आत्ता त्या डोळ्यानं दिसत असेल असं वाटत नाही. जखम भरेल, डाग किती पुसला जाईल ते पंधरा दिवसांनी कळेल. आणि मग, अगदी साध्या आवाजात : पहिल्या दिवशी आला असतात तर पाच मिनिटांचं काम होतं.

नवं औषध दिवसातून चार वेळा. हात धुऊन. नॅपकिन वेगळा. घरात पडलेले माणसांचे डोळ्याचे थेंब अजिबात नाहीत, जखमेवर त्यातले काही घातक ठरतात. कणीस बंद, बाजरी मळून, पाखडून.

परतताना बाळासाहेबांनी न्हावऱ्याला गाडी बाजूला घेतली. चहा नको म्हणाले. स्टिअरिंगवर दोन्ही हात.

"दाजी, पंधरा वर्सं झाली. मला वाटायचं, ह्याच्यामुळंच समद्यांचं डोळं चांगलं ऱ्हात्यात." मग, "शुभाला मी सांगतो. माजी चूक हाय."

खरं लिहायचं तर दवाखान्यातून निघाल्यापासून मी त्यांनाच मनात शिव्या घालत होतो. पण त्यांनी एक बाटली आणून दिली. बंड्याला धरणारा हात कुणाचा होता? म्हटलं, तुम्ही नाही, मी सांगीन.

१० ऑक्टो., शुक्र.
औषध ७.००, ११.००, ३.००, ७.००.

दुपारी ही वही मागं उलटली. बारा थेंब. एकही वेळ चुकलेली नाही. नोकरीत माझ्या वहीवर साहेबांची सही डोळे झाकून व्हायची, एक मिनिट इकडचं तिकडे नसायचं. त्याच अक्षरात, त्याच टापटिपीनं मी पाखराचा डोळा घालवला आणि वेळही टिपून ठेवली. तीन तारखेच्या पानावर बाजरीचं कणीससुद्धा लिहिलंय. दुखण्याचं कारण माझ्याच हातानं लिहिलं होतं आणि मला वाचता आलं नाही.

सौ.ला म्हटलं, तू तीनदा सांगितलं होतंस. म्हणाली, चारदा.

आज कॉल आला तेव्हा पुन्हा डावी बाजू दाखवली. सुटत नाही सवय.

११ ऑक्टो., शनि.
सकाळी शुभाचा साधा फोन.

"बाबा, तुम्ही आठवडाभर तोंड वळवून बोलताय. काल तुमच्या मागच्या आरशात तुमचा डोळा दिसला मला. काय लपवताय?"

म्हटलं, काही नाही, डोळे आलेत, उतरतायत. म्हणाली, मी उद्या येते, आपण डॉक्टरकडे जाऊ. आईला फोन द्या. आईला दिला. आईनं एवढंच सांगितलं, ये.

माझ्या डोळ्यासाठी येतेय ती. माझ्यासाठी.

१२ ऑक्टो., रवि.
शुभा ११.४० ला आली. दारातच माझी पापणी खाली ओढून पाहिली. माझा डोळा जवळजवळ बरा. तिचा जीव खाली पडला, हसली. मी म्हणालो, शुभा, थांब, तुला एक सांगायचंय. पण बंड्यानं आवाज ओळखला होता, शिट्ट्यांवर शिट्ट्या. ती थेट पिंजऱ्याकडे. दार उघडून नेहमीसारखं बोट आत घातलं.

उजवीकडून.

त्याला बोट दिसलंच नाही. पायाला लागलं तेव्हा असा दचकला की दांडीवरून खाली पडला, पंख जाळीवर आपटत. मग कोपऱ्यात जाऊन चोच उघडून उभा राहिला. तिच्यासमोर. जिच्या ओठातला दाणा खायचा तिच्यासमोर.

शुभानं वळून पाहिलं माझ्याकडे.

ही वही तिच्या हातात दिली. माझी खाजगी वही, सौ.नंही कधी उघडली नाही. शुभा जमिनीवर बसून तीन तारखेपासूनची पानं वाचत गेली. मी स्वयंपाकघरात उभा. लग्नाच्या फोटोपाशी हसली असावी, किंवा रडली. आवाज तसाच असतो.

वही परत देताना एवढंच म्हणाली, "मला पहिल्या दिवशी सांगायचं होतंत, बाबा."

डॉक्टरबाईंचंच वाक्य.

१३ ऑक्टो., सोम.
७.०० औषध. शु.
११.०० औषध. शु.
(हे अक्षर तिचं आहे. एक दिवस रजा वाढवलीय. मला थेंब घालू देत नाही. मी फक्त धरायचं.)
३.०० औषध. बाबांनी घातलं. मी धरलं. शु.

१६ ऑक्टो., गुरु.
शुभा मंगळवारी पहाटेच्या गाडीनं गेली. आता व्हिडिओ कॉलला आधी उजवी बाजू. तिची अट.

डाग कडेनं विरळ झालाय असं सौ. म्हणते. मला तसंच वाटतं, म्हणून मी माझ्या वाटण्यावर विश्वास ठेवत नाही. शिरूरला २४ ला बोलावलंय.

६.१०. आज डाव्या डोळ्याआड राहून उजवीकडून पिंजऱ्याकडे गेलो. शिट्टी नाही, हाक नाही. हातभर अंतरावर बंड्याची मान वळली. माझ्याकडे.

सौ.ला हाक मारणार तेवढ्यात खाली लक्ष गेलं. पायात चपला. फरशीवर फटफट वाजतात.

पाहिलं की ऐकलं?

उद्या अनवाणी जाईन.