कोठ्यातलं गाठोडं

७ ऑक्टोबर
अंगणवाडीत बायकांची बैठक. चहा आहे म्हटल्यावर आल्या बऱ्याच. दोन धडे एकाच दिवशी घ्या असं वरून सांगितलंय: आधी पाळीचं कापड, मग एचआयव्ही. वर बसून सांगायला काय जातं? पहिल्या धड्याला बायका तोंडाला पदर लावून हसतात, दुसरा निघाला की सगळ्यांना घरी चुलीवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

आशा म्हणून इतकी वर्षं तेच सांगतेय. फडकी साबणाने धुवा, कडक उन्हात वाळवा, लुगड्याखाली झाकून ओलसर ठेवू नका, खाज येते, जखमा होतात. भागरथाबाई सगळ्यात पुढे लसूण सोलत बसली होती. म्हणाली, "उन्हात टाकाले तू येजो माह्या दारात. मंग लोकं काय म्हनतीन थे बी तूच आयकजो." सगळ्या हसल्या. मीही हसले, राग आला होता तरी.

दुसऱ्या धड्याला चित्रांचा तक्ता लावला. गरोदर बाई, पांढरी डबी, रोज एक गोळी, शेवटी गुटगुटीत बाळ. भा.बाईने मान वर केली नाही. लसूण संपला, उठून गेली.

८ ऑक्टो.
रे.कडे गेले. भा.बाईचीच सून. पूर्ण नाव इथेही लिहायचं नाही.

सहावा महिना सरत आलाय. गरोदरपणाच्या तपासणीत रक्तात एचआयव्ही निघाला. माहीत फक्त तिला, गोंदियाच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना आणि मला. मला तिनेच सांगितलं, कारण औषधाला गोंदियाला एकटी कशी जाणार? नवरा देवराम हैदराबादकडे बांधकामावर. कोणाकडून कोणाला, हा प्रश्न ताईंनी पहिल्याच दिवशी बंद केला. बरं केलं.

सासूला कळलं तर माहेरी धाडेल, ही एकच धास्ती. माहेरी आई नाही. भावजयीच्या घरात गोळी रोज कशी घेणार? आणि गोळ्या चुकल्या तर पोटातल्याचं काय?

"डबी ठेवतेस कुठे?" विचारलं. मला गुरांच्या कोठ्यात घेऊन गेली. बैल बाहेर होते. वर आढ्याच्या बांबूत गाठोडं खोचलेलं, पाळीच्या फडक्यांचं. डबी त्यात.
"याले कोनी हात नाई लावत, आसाबाई. नवरा बी नाई, सासू बी नाई."

आधी हसू आलं. मग नाही आलं. ज्या विटाळावर मी घसा कोरडा करते, तोच हिची राखण करतोय. बाळंतपण होईपर्यंत तरी या घराला माझं भाषण पटू नये, असं मनात आलं. आशाबाईच्या मनात!

२५ ऑक्टो.
रे.ला गोंदियाला नेलं. कोहमाऱ्याला गाडी बदलताना तिला ओकारी झाली. डबीतून गोळ्या काढून लोहाच्या गोळ्यांत मिसळू का, विचारत होती. ताई म्हणाल्या, नको, ओल लागते, डबीतच राहू दे.

ताईंचा पुन्हा तोच प्रश्न, नवऱ्याची तपासणी कधी? रे. म्हणाली, "कापनीले येते तो. मंग सांगतो."
बाळ व्यवस्थित आहे. एवढं एक.

९ नोव्हेंबर
देवराम आला. येताना तिच्यासाठी लाल स्वेटर आणला. नेमका याच वेळी! रे. म्हणते, "आता कसं सांगू वो बाई? तो मले रोज घालाले लावून राहिला."
निरोधची पाकिटं दिली. काय सांगून वापरायला लावशील ते तू बघ म्हटलं, पण वापरायला लाव. तीही गाठोड्यात गेली असणार. त्या गाठोड्यात आता अख्खा संसार.

केशोरीकडे सगळीकडे कापणी जोरात. कोणी घरात सापडत नाही. लसीकरण अर्धंच झालं.

१६ नोव्हें.
सकाळी भा.बाईच्या दारावरून जात होते. अंगणात, रस्त्याच्या तोंडाला तार बांधलेली आणि तारेवर फडकी. कडक ऊन. वर काही झाकलेलं नाही. गावात असं पहिलंच घर. दुसऱ्या कुठल्या दारात दिसली असती तर फोटो काढून वर पाठवला असता. मी सरळ अंगणात शिरले.

भा.बाई चुलीपाशी पाणी तापवायचं मोठं गंज घासत होती.
"तूच सांगतलं ना? बाळंतीनले लागतीन. उकळून टाकली."
"अख्खं गाठोडं सोडलं का, मावशी?"
"मंग? अर्धं काऊन सोडू?"
गंज पालथं घातलं. माझ्याकडे बघितलंही नाही. रे. शेतात, मजुरांची शिदोरी घेऊन गेलेली.

इतकी वर्षं कोणी ऐकलं नाही. ऐकलं ते हिने, आणि आत्ता.

१७ नोव्हें.
रे. आली. गाठोडं पुन्हा जागच्या जागी आहे. फडकी घडी घालून, डबी त्याच प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून आत. पाकिटंसुद्धा. सासू एक शब्द बोलली नाही.
"भात वाढते. नेहमीपेक्षा जास्तीच वाढते. मले भेव वाटते."
हाकलायच्या आधी आपणच जाते म्हणाली, पिशवी भरून ठेवलीय. थांब म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे.

ताईंना फोन केला. त्यांचं म्हणणं, तुम्ही तोंड उघडायचं नाही, सांगायचं तर तिनेच. माहीत आहे मला. पण धडा मी दिला होता ना. रडले आज.

२१ नोव्हें.
काही नाही. भा.बाई बोअरवेलवर भेटली, बैलाच्या पायाबद्दल बोलली.
लोहाच्या गोळ्या समजली असेल? तिला वाचता येत नाही. पण तक्त्यावरची डबी तशीच आहे, पांढरी. लसूण सोलताना माणूस मान वर न करता बघू शकतं का?

रे. अजून आहे. गोळी घेते. पिशवी भरलेलीच.

२४ नोव्हें.
दुपारी भा.बाई घरी आली. कधी येत नाही. खाली बसली, चहा घेतला, माझ्या सांडग्यांना नावं ठेवली. मग पदराची गाठ सोडत, बांधत विचारलं,
"रोजची दवाई एक दिवस राहून गेली त काय होते वो?"
"कोणती दवाई?"
"कोनती बी."
चुकवू नये, म्हटलं. चुकलीच तर आठवल्याबरोबर घ्यावी.

"हं." पदराची गाठ घट्ट केली. "कापनीची मानसं कोठ्यात निजतेत आता. म्हनून थे गाठोडं मी माह्या खाटेखाली घेतलं. तिले तूच सांगजो. मी सांगतलं त लाजन पोरगी."

मी उठून तिच्या पायाशी बसले. का, माहीत नाही. काही बोलायची मला मुभा नाही. तीच बोलली, "तुह्या चित्रातलं लेकरू चांगलं होतं ना? मी पायलं होतं." मग आवाज बारीक झाला तिचा. "देवरामले बी तपासून पाहा लागन ना?"
ती चहाचा कप विसळून ठेवून गेली.

२५ नोव्हें.
रे.ला सांगितलं. आधी विश्वास बसेना. मग स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून रडली. देवरामला दवाखान्यातच, ताईंसमोर, आपणच सांगणार म्हणाली. सासूने नको, मीही नको.
पिशवी रिकामी केली.

२८ नोव्हें.
दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. घरी जाईपर्यंत धीर नाही.

सकाळी पहिल्या बसला चौघं निघालो. स्टँडवर देवरामची कुरकुर चालूच, "मले कायले नेऊन राहिली माय? धान पडलं आहे बांधीत."
भा.बाई म्हणाली, "रक्त तपासाले. तुहं बी, माहं बी. घरात लेकरू येऊन राहिलं."
"तुले काय होनार आहे या वयात?"
"मले काई नाई होत. पन मी देतो ना? तू कायले भेतं?"
तो हसला, बसमध्ये चढला. रे. माझ्याशेजारी, लाल स्वेटर घालून, पूर्ण वाटभर खिडकीबाहेर बघत.

इथे आल्यावर भा.बाई सगळ्यांच्या आधी खुर्चीत जाऊन बसली आणि बोट पुढे केलं. "घे." तिच्यामागून देवराम बसला. मग ताईंनी त्याला आणि रे.ला आत बोलावलं. दार लावताना रे.ने मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, सासूकडे.

बराच वेळ झाला. आतून मधे एकदा देवरामचा आवाज चढला होता, मग काहीच नाही. भा.बाई बोटावरचा कापूस अजून दाबून बसलीय, रक्त केव्हाच थांबलंय. आत्ता म्हणाली,
"परतीच्या गाडीत चार जागा धरजो."
धरते म्हटलं.
दार बंद आहे.