दळण होईस्तोवर

धाड, ता. ६ नोव्हेंबर १९७९

ती. बेबीवहिनींस,
पंचफुलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आणि तिळाची चटणी दोन्ही पोचलं. चटणी संपली, पत्र पुरवून वाचते आहे.

पाळणा लांबवण्याची तीन महिन्यांची सुई आमच्या दवाखान्यात सुरू झाल्याचं मागे लिहिलं होतं. बाया बाजाराच्या दिवशीच येतात, कांदे-मिरच्यांचं निमित्त काढून. अडतं ते सुया उकळण्यापाशी. सुया मोजक्याच. एकीला टोचली की सुई-पिचकारी धुऊन पुन्हा वीस मिनिटं उकळायची. तोवर दुसरी बाकावर बसते आणि अख्खा बाजार तिला पाहत जातो.

परवा रुखमाबाई धाकट्या जावेला घेऊन आली. पाचव्या बाळंतपणात रुखमाबाई मरता मरता वाचली. उकळलेली सुई एकच उरली होती. ती म्हणाली, आम्ही जावा एका ताटात जेवतो, एकाच सुईनं दोघींना टोच, मध्ये स्पिरिटनं पूस. मी नाही म्हटलं. तेवढ्यात रस्त्यावर चुलतसासरा दिसला, आणि दोघी न टोचताच मागच्या दारानं पळाल्या. रुखमाबाईच्या मागच्या सुईची मुदत या पंधरवड्यात संपते. डॉक्टरीणबाई म्हणतात, तू बरोबर केलंस. पण ती आलीच नाही तर माझं बरोबर तिच्या काय कामाचं?

आईला यातलं काही सांगू नका. रागवा हवं तर, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
पंचफुला


बीबी, ता. ११ नोव्हेंबर १९७९

चि. पंचफुलास,
वहिनीचा जयभीम अन् अनेक आशीर्वाद. वि. वि.

चटणी संपल्याचं ऐकून तुहे भाऊ म्हणतात, नर्सबाईले दवाखान्यात जेवाले देत नाहीत काय?

अवं, बाई बसाले भीत नाही, बिनकामाची बसलेली दिसाले भीते. चक्कीवर आपण घंटा-घंटा बसतो, काऊन बसली म्हणून कोणी विचारते काय? तुह्या दवाखान्याच्या मागं गुलाबरावची चक्की हाय, असं तूच लिवलं होतं. बायाईले सांग, डबा नंबरात लावा अन् मागच्या दारानं या. दळण होईस्तोवर तुही सुई उकळते.

आता एका ताटाची गोष्ट. मागच्या हप्त्यात जनकाबाईनं माह्या आधी मिरच्या दळल्या. चक्कीवाल्यानं वरून फडकं मारलं, तरी भाकरीच्या पहिल्याच घासाले तुह्या भावाले असा ठसका लागला, की शेजारचे धावत आले. वरून पुसल्यानं आतलं जात नाही. रुखमाबाईले असंच सांग.

एक इचाराचं होतं. सुई घेतल्यावर दंड दुखला, तर तेल लावून चोळलं, विटेचा शेक देला, तर चालते ना? सहज इचारून राह्यली.

माया हायेच, कागद टाकून ते ताजी ठेवजो.

तुही,
वहिनी


धाड, ता. २० नोव्हेंबर १९७९

ती. वहिनींस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रुखमाबाई आली! मुदतीच्या आत, जावेसकट, डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन. मिरचीची गोष्ट तिनं ऐकली आणि जावेकडे वळून म्हणाली, तू बाजरीवर माझे गहू दळले होतेस, तेव्हा मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. दोघींनी वेगवेगळ्या सुया घेतल्या. आता तर तिचा माझ्यावरही भरवसा नाही. भांड्यातून सुई उचलताना स्वतः बघितलं, मगच दंड उघडा केला. वर चक्कीवर बसून बाकीच्यांनाही शिकवते.

गुलाबराव मात्र चक्रावलेत. धाडच्या बाया एकाएकी एवढ्या भाकरी खायला कशा लागल्या, असं ज्याला त्याला विचारतात.

चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. औषध हळूहळू उतरलं तरच तीन महिने पुरतं. आणि वहिनी, सहज विचारणारीनं खरं काय ते लिहावं. आधी डॉक्टरीणबाई तपासतील, मग मी आहेच.

उत्तराची आणि तुमची, दोन्हींची वाट पाहते.

तुमची,
पंचफुला


बीबी, ता. २७ नोव्हेंबर १९७९

चि. पंचफुलास,
जयभीम अन् आशीर्वाद. वि. वि.

तुह्या भावाले म्हटलं, धाडले दळण न्याचं हाय. ते म्हणाले, बीबीच्या चक्क्या जळाल्या काय, की जवारी एस.टी.त बसवतं? मंग मी खरं सांगितलं. त्याईनं उठून डबा खाली काढला. मंग म्हणाले, धाकट्याच्या बाळंतपणाच्या टायमाले बाहेर बसून मी बी अर्धा मेलो होतो; डबा मीच उचलतो.

तर येत्या बाजाराले आम्ही दोघं येऊन राह्यलो. सुई उकळून ठेव.

सासूबाईले आम्ही काहीच सांगितलं नाही. त्याईनंही काही इचारलं नाही. मुकाट्यानं जवारी निवडली, डब्यात भरून देली, अन् एवढंच म्हणाल्या, की दंड चोळू नको.

बाकी भेटीत. तोवर लोभाचा डबा नंबरात लावून ठेव.

तुही,
वहिनी