चित्राकडे पाठ

४ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून लिहिते आहे. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही, एवढा तरी फायदा.

रविवारी बाबांना घेऊन आम्ही त्या नव्या चित्रप्रदर्शनाला गेलो. तुझ्या भावोजींनी तिकिटं काढली होती. एका मोठ्या रिकाम्या गोदामात भिंतींवर, जमिनीवर, छतावर प्रोजेक्टरने चित्रं सोडतात आणि आपण चित्राच्या आत उभे राहतो. शेतं, पाणी, ढग सगळं अंगावरून सरकत जातं. मला वाटलं, ज्या माणसाने जन्मभर थिएटरच्या केबिनमध्ये मशीन चालवलं, त्याला हे आवडेल. निदान काहीतरी आठवेल.

आत शिरताच बाबा वाकून चालायला लागले. झोतात आपली सावली पडू नये म्हणून. तुला आठवतं ना, लहानपणी थिएटरात पडद्यावर सावली पडली तर किती रागवायचे? मीही नकळत वाकले. माझ्यामागे तुझी लाडकी भाची वाकली, तिला तर कारणही ठाऊक नाही. बाकीचे लोक ताठ उभे राहून फोटो काढत होते आणि आमचं कुटुंब काहीतरी हरवल्यासारखं ओणवं चाललेलं.

मग बाबाच हरवले. त्या अंधारात मी सैरभैर झाले होते. सापडले ते सगळ्यात मोठ्या भिंतीशी. भिंतीला टेकून, चित्राकडे पाठ करून, खाली बसलेले. सूर्यफुलं त्यांच्या सदऱ्यावरून वाहत होती. बाबा, चित्र मागे आहे, असं मी सांगितलं, तर म्हणाले, असू दे. तिथल्या मुलीला त्यांनी विचारलं, हे संपतं कधी. ती म्हणाली, संपत नाही आजोबा, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. गाडीत घरी येईपर्यंत तोच प्रश्न.

बारके, चित्र कुठल्या बाजूला आहे हेही त्यांना कळेनासं झालंय. परवा पुन्हा जुन्या थिएटरवर गेले होते. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. आत जाऊन त्यांनी खेळ सुरू होतोय, दिवे मालवा म्हणून सांगितलं. दुकानदाराने हसत फोन केला, पण दर वेळी हसेलच असं नाही. मी शाळेत शिकवत असते आणि जीव घरात अडकलेला असतो.

विसरभोळ्या वृद्धांच्या त्या संस्थेत एक खोली रिकामी झाली आहे. महिनाअखेर कळवायचं आहे. मी हो म्हणायचं ठरवलंय. तू नाही म्हणणार असशील, तर इथे येऊन राहा आणि मग म्हण.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मधे तोंड घालता येत नाही म्हणून तू किती ऐसपैस लिहिलंस. अशीच लिहीत जा.

शेवटचं वाक्य मात्र लागलं. इस्पितळातली माझी नोकरी सोडून मला येता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणूनच लिहिलंस, हेही मला कळतं.

आता माझं ऐक. मला गालगुंड झालं होतं, तेव्हा घरी ठेवायला कुणी नाही म्हणून बाबा मला केबिनमध्ये घेऊन जायचे. तू शाळेत, आई कारखान्यात. तिथे मी पाहिलंय, बाबा सिनेमा बघायचेच नाहीत. पडद्याचा उजवा कोपरा बघायचे, आणि उरलेला वेळ भिंतीतल्या झरोक्यातून माणसं. नुसती डोकी दिसायची. लोक हसले की खांदे हलतात आणि रडले की कुणी हलत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं. सुट्टीच्या दिवशी आई खाली येऊन बसली की तिच्या अंबाड्यावरून ओळखायचे. एकदा म्हणाले होते, नोकरी झकास आहे, पण चेहरे दिसत नाहीत.

ताई, त्यांना चित्राची बाजू चांगली कळत होती. त्यांना चेहरे बघायचे होते.

गाद्यांच्या दुकानाचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. संस्थेला नाही म्हणण्याचा हक्कही बहुतेक नाही. पण खोली रिकामी आहे, हे बाबांना कुणी सांगितलंय का? एकदा विचार त्यांना. चांगली सकाळ बघून विचार.

भाचीला पापा. भांडण झालं तरी पत्रं चालू राहू देत.

तुझी,
बारकी

१९ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

ताईने विचारलं. विचारताना ती माझ्याकडे न बघता माझ्या सदऱ्याची बटणं लावत होती, बटणं लावलेली असताना. हे पत्र मी थांबत थांबत लिहितो आहे, सांभाळून घे.

केबिनमध्ये तुला कोपऱ्यातला ठिपका दाखवला होता. रीळ संपत आलं की उजवीकडे वर एक गोल ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. चुकलं तर पडदा पांढरा पडतो आणि लोक शिट्ट्या मारतात. त्या प्रदर्शनात ठिपका नव्हता. कोपराच नव्हता. संपतही नाही म्हणाली ती मुलगी. तसलं मला नको वाटलं, म्हणून सारखं विचारत होतो.

माझा ठिपका मला दिसला आहे. दुकानात मी काय बोललो ते घरी येताना वाटेत कळलं. फार लाज वाटली. तुम्हा दोघींना वाटतं, मला ठाऊक नाही.

ताईबरोबर जाऊन संस्था बघून आलो. खिडकीतून रस्ता दिसतो, माणसं समोरून येताना दिसतात. तिथे नुसतं दिवसापुरतंही ठेवतात. आधी तसा जाईन, संध्याकाळी घरी. राहायला जायचं ते नंतर. पहिलं मशीन चालू असतानाच दुसरं सुरू करायचं असतं. ताई एकदम बंद करायला निघाली होती. ती केबिनमध्ये कधी बसली नाही, तिचा दोष नाही.

तुझं पत्र ताईने मला वाचून दाखवलं. तू लिहिलंस ते बरोबर आहे, मी चेहरेच बघत होतो. एक मुलगा तोंड उघडं टाकून उभा होता. एक बाई हसत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. आणि ताई. सगळी माणसं भिंती बघत होती, ही एकटी माणसं बघत फिरत होती. मी हात केला, पण माझ्या अंगावर फुलं होती, तिला दिसलो नाही. आईसारखी दिसते ती घाबरली की.

तिचं तिकीट वाया गेलं. आपण पुन्हा जाऊ, तूही ये. तिला सांग, या वेळी चित्र बघ. मी कुठे जात नाही.

माझ्यावर करता तो लोभ दोघींनी एकमेकींवरही करावा.

बाबा