तुझ्याबद्दल मी जे तोंडी पसरवलं

प्रिय शालन,

तू जाऊन आठ महिने झाले. पत्र आज लिहितेय, कारण काल तुझी ऋता आली होती, तुझ्या लेखांच्या पुस्तकाची प्रुफं घेऊन. चहाला हात न लावता म्हणाली, "मावशी, खरं सांग. आईचे लेख बाबा लिहून द्यायचे का? प्रकाशकाला कुणीतरी तसं सांगितलंय. तो आता पुस्तक काढायला का-कू करतोय."

ते कुणीतरी म्हणजे मी गं. प्रकाशकाला नव्हतं सांगितलं. आपल्या दिवाळी अंकाच्या संपादकांना सांगितलं होतं, पाच वर्षांपूर्वी, त्यांच्या घाटकोपरच्या ऑफिसात, बटाटेवडा खाता खाता. तिथून ते फिरत फिरत प्रकाशकापर्यंत पोचलं. आणि ऋताला मी काय उत्तर दिलं? "चहा गार होतोय."

का बोलले तसं? तुला नोटीस आली म्हणून.

मुलुंडच्या त्या बिल्डरवर आपण दोघींनीही लिहिलं होतं. नाल्याकाठचे फ्लॅट तो 'नदीकिनारी घरं' म्हणून विकत होता. तुझ्यावर त्याने अब्रुनुकसानीची केस ठोकली. मला काजूकतलीचा बॉक्स पाठवला, वर चिठ्ठी, 'खूप हसलो.' वीस वर्षं लोकांना चिमटे काढतेय मी. एकाचीही अब्रू माझ्या हातून जाऊ नये?

आणि तुझा थाट काय वर्णावा! तारखेला अंधेरी कोर्टात डबा घेऊन जायचीस, सोबत मला ओढायचीस आणि बाकावर बसून कायदा शिकवायचीस.

"इंग्रजांकडे लिहून केलेली बदनामी वेगळी, बोलून केलेली वेगळी. आपल्याकडे दोन्ही गुन्हाच. फक्त तिसऱ्या माणसापर्यंत पोचायला हवी. तू मला तोंडावर ढ म्हण, माझी बदनामी होत नाही. शेजारणीला सांग, झाली."

"आणि ते खरंच असलं तर?"

"तू ढ आहेस हे खरं असलं, तरी चारचौघांत सांगून लोकांचं काय भलं होणार? फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, बाई."

मग पुकारा होईपर्यंत पाठकोऱ्या कागदांवर पुढचा लेख लिहून काढलास. एक खाडाखोड नाही. तुझा नवरा तेव्हा ठाण्याला ड्यूटीवर होता. मी शेजारी बसून सगळं बघत होते. बघत कसली, जळत होते.

नाल्याचे फोटो कोर्टात आले आणि बिल्डरने केस मागे घेतली. तू पेढे वाटलेस. त्याच आठवड्यात मी संपादकांना म्हटलं, "लिहितो तिचा नवरा, ती फक्त सही करते." चिठ्ठीचपाटी काही नाही. तोंडी बोललेलं सिद्ध करणं अवघड जातं, हेही तुझ्याकडूनच शिकले होते ना.

पुढच्या दिवाळीला त्यांनी तुझ्याकडे लेख मागितला नाही. तुझ्या जागी माझा छापला. तू फोन केलास, "झकास झालाय गं." तुला कळलं होतं का? कळलं होतं तर विचारलं का नाहीस? नोटीस तरी धाडायचीस. आयुष्यात एक आली असती मला, तीही हक्काची.

आज सकाळी वकिलाला विचारून आले. म्हणाला, "मॅडम, त्या गेल्या, त्यांच्यासोबत त्यांचा दावाही गेला. तुम्ही निर्धास्त राहा." त्याने ऋताचा चेहरा पाहिलेला नाही.

प्रुफं वाचली. नाल्यावरचा तुझा लेख माझ्यापेक्षा सरस आहे. अजूनही पोटात दुखलं, खोटं कशाला सांगू?

पण उद्या ऋताला सगळं सांगेन आणि तिला घेऊन प्रकाशकाकडे जाईन. तुझ्या पुस्तकात पहिलं पान माझं असेल: हे लेख शालननेच लिहिले, मी खोटं बोलले, जळून बोलले. खाली पूर्ण नाव. संपादकांनाही तेच छापायला लावीन. त्यानंतर ऋताने मला मावशी म्हणायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं. मी ते पान मागे घेणार नाही.

तुझी,
वैजू