सागरच्या दहाव्याला बोललो ते

१२ जाने.
सागरचा दहावा. काकूचा एकुलता एक. हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायचा, डंपरने उडवलं. नदीवर सगळे जमलेले आणि प्रवचनाचे महाराज ट्रॅफिकमध्ये. आबाकाका, म्हणजे त्याचा बाप, मला म्हणाले, "तू फिलॉसॉफी शिकतुयास न्हवं? बोल की चार शब्द." नाही म्हणता आलं नाही. समोरच काकू. आत्मा मरत नाही, सागर तिकडे आईची वाट बघतोय... तोंडाला येईल ते बोललो. बायका रडल्या.

१५ जाने.
गावातून दोन फोन. आमच्याही दहाव्याला बोलशील का? पीएच.डी.त इतकी वर्षं घासतोय, विषय कुणी विचारला नव्हता. विचारला फक्त सागरने. सांगितलं, मेल्यावर 'मी' म्हणावं असं काही उरत नाही, हे सिद्ध करतोय. म्हणाला, "बरं हाय दादा, म्हंजी मेल्यावर तरी ड्युटी न्हाई."

२० जाने.
गाईड मॅडमनी तिसरं प्रकरण वाचलं. "पक्कं झालंय. कुठे पळवाट ठेवली नाहीस." मेल्याहून मेल्यासारखं झालं. नदीवरचं बोललो नाही.

२८ जाने.
नेऱ्याला काकूकडे. निम्मी झालीय. शुगरच्या गोळ्या फळीवर तशाच.
आबाकाका : "घेतच न्हाई. तूच सांग आता."
काकू शांत. "तूच म्हनलास न्हवं, वाट बघतुया. मंग मी हितं बसून काय करू?"
चहा अर्धा टाकून निघालो. पळपुटा, दुसरं काय.

३१ जाने.
मॅडमना सगळं सांगितलं. "तुला जे खरं वाटतं तेच सांग." त्यांचं काय जातंय. खोटं बोललो असं कबूल केलं, तर पोरगा तिचा दुसऱ्यांदा जाणार. गप्प बसलो तर ती...
राग येतो. मॅडमचा, आबाकाकांचा, त्या महाराजांचा. सगळ्यात जास्त माझा.

२ फेब्रु.
काकूला पौडच्या दवाखान्यात ठेवलंय. सलाईन. ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच.
"काकू, त्या दिवशी नदीवर मी..."
"व्हय, तसंच बोल की. लई बरं वाटलं हुतं."
तेवढ्यात नर्सने बाहेर जायला सांगितलं.
काकू म्हणाली, "ऱ्हाऊ दे. उद्या सांग."
नर्सने गोळी पुढे केली. मुकाट्याने घेतली. आबाकाकांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाले, "उद्या येशील न्हवं? तुजं ऐकायचं म्हनून घेतली तिनं."
हो म्हणालो.