युद्ध थांबविणेबाबत

७ मे, बुधवार

सकाळी दुधाला गेलो. दूधवाल्यानं पिशवीबरोबर बातमी हातात दिली – "काका, घुसून मारलं!" इतका खूश की अर्ध्याऐवजी एक लिटर दिलं.

घरी येऊन टीव्ही लावला. धूर, आग, आणि त्यावर नाचणारी अक्षरं. अभयला फोन लावला. बंद. पोरगा फौजेत, जम्मूकडे आहे, नेमका कुठं ते घरी सांगत नाही. पुन्हा लावला. बंद. असं दिवसभरात अकरा वेळा झालं.

पंधरा दिवसांपूर्वी तिकडे फिरायला गेलेल्या माणसांना बायका-पोरांसमोर मारलं, तेव्हा दोन दिवस मला घास गेला नव्हता. मारणाऱ्यांना पकडा, जन्मभर कोठडीत सडवा – माझी हरकत नाही. पण बॉम्बला कुणाचं नाव वाचता येतं का? आणि तिकडून जे उलट येईल ते कुणाच्या डोक्यावर? टीव्हीवर ओरडणाऱ्याच्या तर नाहीच!

सोसायटीनं स्वतःच्या अकलेनं हल्ल्याचा सराव ठेवला. आठ वाजता दहा मिनिटं दिवे बंद. सेक्रेटरी शिट्टी फुंकत जिन्यात फिरत होता. गच्चीवर पोरं टाळ्या वाजवत होती. मी खुर्चीत बसून राहिलो. अभयची आई सुंदरा जाऊन दोन वर्षं झाली. घर किती मोकळं आहे ते त्या दहा मिनिटांत कळलं.

बोलायला कुणी नाही. म्हणून ही वही.

८ मे, गुरुवार

फोन बंदच.

पाचचा चहा हौसेरावकडे. एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस माझ्याकडे – नऊ वर्षांचा नेम. तळमजल्यावर भिंतीला भिंत लागून घर. मूळचा साताऱ्याकडचा, कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेला माणूस. मनानं साफ. आज मात्र टीव्हीपुढून हलेना. "सिताराम, आता थांबायचं न्हाई. पार नकाशातनं पुसायचं!"

मी म्हटलं, "नकाशा पुसला की माणसं कुठं जातात?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. बाळाबाईंनी – त्याच्या बायकोनं – चहा देताना हळूच विचारलं, "अभयचा फोन आला का वो?" आमच्या अख्ख्या तळवलीत हे विचारणारी ही एकच बाई.

घरी येऊन विचार करत बसलो. मत मागायला ही मंडळी दोनदा दाराशी येतात. चिठ्ठी देतात, हात जोडतात. युद्ध सुरू करताना कुणी विचारलं? दूधवाल्याकडून कळलं! बरं, सरकारला आपलं म्हणणं सांगायचं तर रीत काय? ओरडणं मला जमत नाही. मोर्चात मी कधी पुढे नव्हतो. एकतीस वर्षं एका महामंडळात आवक-जावकला काढली. मला एकच रीत येते.

अर्ज!

९ मे, शुक्रवार

रात्री तीन मसुदे फाडले. सकाळी स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. इथं नोंद ठेवतो –

प्रति, मा. भारत सरकार.
विषय : युद्ध तात्काळ थांबविणेबाबत.
संदर्भ : १) पंचशीलातील शील क्र. १ (प्राणिहत्येपासून दूर राहणे). २) दि. ८ मेचे वर्तमानपत्र.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर युद्ध हे अर्जदाराच्या नावाने, परंतु अर्जदारास न विचारता सुरू करण्यात आलेले आहे. अर्जदाराची त्यास संमती नाही. तरी ते थांबवून तसे अर्जदारास कळविणेत यावे.

खाली नाव, पत्ता, मोबाईल. अर्जदार – नागरिक.

बेलापूरच्या सरकारी कचेरीत गेलो. टपाल घेणाऱ्या खिडकीत एक तरुण पोरगी होती. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "काका, हे कुठल्या शाखेला टाकू?"

"जिथं युद्धाचे कागद जातात तिथं."

"अशी शाखा नाय ओ आमच्याकडे."

"मग सामान्य शाखा. वर पाठवणं त्यांचं काम."

मागची रांग कुरकुरायला लागली. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि ठप्प! आवक क्रमांक ४१७. माझ्या प्रतीवर तारखेसह. आयुष्यभर मी शिक्के मारले, पण शिक्का बघून लोकांचे चेहरे का उजळतात ते आज कळलं. बसस्टॉपवर तीनदा काढून बघितला.

अभयचा फोन बंद.

१० मे, शनिवार

रांगेत माझ्या मागे जो पोरगा होता त्यानं अर्जाचा फोटो काढला होता. आज तो सगळीकडे आहे. नाव, पत्ता, नंबर, सगळं स्वच्छ अक्षरात! अक्षराचा अभिमान होता मला.

सकाळपासून फोन. "तिकडं जाऊन राहा." "पोरगा सीमेवर आणि बापाचे हे धंदे?" – एवढी माहितीही काढली यांनी. शिव्या लिहीत नाही, वहीचा कागद चांगला आहे. अभयचा येईल म्हणून बंदही करता येईना. प्रत्येक वेळी धावत जाऊन उचलायचा आणि शिवी ऐकायची.

एका बाईचा आला. आवाज दबका. "काका, त्या अर्जाचा नमुना पाठवता का?" पाठवला. नाव नाही सांगितलं तिनं.

संध्याकाळी टीव्हीवर – दोन्हीकडून गोळीबार थांबवायचं ठरलं! मी उभाच राहिलो. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज : "सिताराम काकांच्या अर्जावर कार्यवाही झाली!!" खाली हसणारी तोंडं, मोजता येणार नाहीत इतकी. अर्ध्या तासानं हसू संपलं आणि राग सुरू झाला. आणखी चार दिवस मिळायला हवे होते म्हणे. तुमच्यासारख्यांमुळेच आपण कच खातो म्हणे.

युद्ध थांबलं तर आनंद एकट्यानंच करायचा? मी शिरा केला. साखर जास्त पडली.

११ मे, रविवार

संघमित्राचा फोन, महाडहून. सून माझी. तिकडे माहेरी आहे, सातवा महिना चालू. अभयनं काल रात्री तिला फोन केला. बरा आहे! सुखरूप आहे! मी नुसता हुं हुं करत राहिलो.

मग विचारलं, "मला का नाही केला?"

ती म्हणाली, "पप्पा, तुमचा अर्ज तिकडं पोचलाय. त्याला साहेबांनी बोलवून विचारलं. बाकीची पोरं पण बोलतात. तो कायच बोलला नाय त्यावर. मागे घ्या ना पप्पा. त्याला तिथं दिवस काढायचेत."

दुपारी विहाराच्या कमिटीची माणसं. गोटीराम अध्यक्ष, ज्योतिबा सचिव. "जय भीम सर." "जय भीम." चहा नको म्हणाले, तेव्हाच कळलं. उद्या बुद्ध पौर्णिमा. दरवर्षी वंदना मी घेतो – शीलं मी म्हणायची, मागून सगळ्यांनी. यंदा वंदनेनंतर सरकारच्या अभिनंदनाचा ठराव आहे. त्याआधी मी चार ओळींचा खुलासा वाचावा, चूक झाली म्हणून.

गोटीराम म्हणाला, "सर, फौजेत आपली रेजिमेंट आपण भांडून मिळवलीय. लोक आपल्या देशभक्तीवर बोट ठेवायला टपलेलेच असतात. तुमी त्यांच्या हातात कागद दिलात."

हे खोटं नाही. माझाही त्या रेजिमेंटचा अभिमान काही कमी नाही. पण मी विचारलं, "गोटीराम, उद्या पहिलं शील म्हणायचं की गाळायचं?"

"असं काय बोलता सर!"

"म्हणायचं असेल तर मग ठरावाचं काय?"

ज्योतिबानं फोनमध्ये मान घातली. गोटीराम उठला. "उद्या वंदना ज्योतिबा घेईल."

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा

पांढरा सदरा घालून गेलो. मागे उभा राहिलो. माझ्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी. ज्योतिबा शीलं घाईत म्हणतो. पहिलंही घाईतच म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. नंतर ठराव. टाळ्या. मी वाजवल्या नाहीत. खीर न घेता आलो. कुणी थांबवलं नाही, आणि थांबवावं असं मला फार वाटत होतं.

१३ मे, मंगळवार

शुक्रवारनंतर चहा झाला नव्हता. आज पाळी हौसेरावची. पाचला गेलो. त्यानं बस म्हटलं नाही.

"काय चुकलं माझं ते तरी सांग," मी म्हटलं.

"सांगू? माझा चुलता पासष्टच्या लढाईत गेला. पेटी सुदिक आली न्हाई घरला. म्या लढाई करा म्हंतो आन् तू नगं म्हंतोस, त्यो तुझा इचार, ऱ्हाऊ दे. पर अभयला भरतीला न्हेलं कुणी? तूच की! पहाटं उठवून रस्त्यावर पळवायचास, हातात घड्याळ घिऊन. निवड झाल्याव पेढं वाटलंस साऱ्या सोसायटीला, म्याच खाल्लं चार. तवा कुटं गेलतं तुझं शील?"

बाळाबाई आतून म्हणाल्या, "आवो, नका वो." त्यानं दार लावून घेतलं.

आता उत्तर सुचतंय. पळवायचो, खरं आहे. पण अभयची हौस होती. बारावीनंतर स्वतःच म्हणाला, फौजेत जातो. मी फक्त सोबत गेलो. शिवाय नोकरी वेगळी आणि युद्ध वेगळं. पेन्शन, दवाखाना, वर्दी – आमच्या घराण्यात सरकारी चाकरी म्हणजे काय ते हौसेरावला काय कळणार? माझ्या बापाला गावच्या कचेरीत पायरीखाली उभं राहावं लागायचं. पोराला खुर्चीतला माणूस सलाम ठोकेल, एवढंच डोक्यात होतं. यात काय चुकलं?

हौस होती त्याची. हे मी हौसेरावला तोंडावर सांगायला हवं होतं.

१४ मे, बुधवार

पाचचा चहा एकट्यानं. सवयीनं दोन कप टाकला. जास्तीचा ओतला.

१५ मे, गुरुवार

बाळाबाई मागच्या दारानं आल्या. वाटीत घेवड्याची भाजी. "ह्यास्नी सांगू नका." वाटी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "आमच्या गावात सा बायका हायत अशा. लढाईत नवरं ग्येल्यानं कपाळ मोकळं झालेल्या. सरकार येतं, शाल देतं, जातं. तुमी लिवलं ते कुणीतरी वाचून दाखिवलं मला. मला काय कळत न्हाई, पर बरं वाटलं."

मी आत येऊन तोंड धुतलं. रडलो, खोटं कशाला लिहू.

संघमित्राला फोन केला. अभयनं पुन्हा तिला केला होता. मला नाही. "पप्पा, मागे घेतलात का?" मी म्हटलं, बघतो.

१६ मे, शुक्रवार

हिशेब सोपा आहे. युद्ध थांबलंय. अर्जाचा उपयोग असलाच तर तो संपलाय. आता तो कागद फक्त पोराच्या मानेवर बसलाय. साहेब त्याला विचारतात, सोबतची पोरं टोमणे मारतात. पुढे बढती आहे. बाळ यायचंय. माझा हट्ट मोठा की त्याचे दिवस?

पण मन म्हणतं – एकदाच आयुष्यात खरं लिहिलंस, सिताराम. त्याआधी लिहिलं ते सगळं दुसऱ्याच्या सहीसाठी.

दुपारभर कोरा कागद पुढे घेऊन बसलो.

१७ मे, शनिवार

लिहिला. "विषय : आवक क्र. ४१७ अन्वये सादर केलेला अर्ज मागे घेणेबाबत." कारण – वैयक्तिक. सही करताना अक्षर बिघडलं, म्हणून पुन्हा लिहिला. सोमवारी कचेरी उघडली की देऊन येईन. संघमित्राला मेसेज टाकला : मागे घेतोय, अभयला सांग.

हौसेरावच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. पाहुणे असतील.

१८ मे, रविवार

अभयचा फोन! अर्ध्या मिनिटाचा. "पप्पा, अर्ज मागे घेऊ नका. बरोबर लिहिलंयत तुमी." मी बोलायला तोंड उघडणार तोच – "पण भरतीच्या वेळी मी नाय म्हणालेलो. तीनदा." मग फोन बंद झाला.

हो. म्हणाला होता. एकदा जेवताना, आईसमोर. एकदा मैदानाच्या फाटकाबाहेर, बूट हातात धरून. तिसऱ्यांदा गाडी सुटताना, खिडकीच्या गजांतून. मी त्याला म्हणालो होतो, पाण्याची बाटली भरून घेतलीस ना.